लवू मयेकरची खंडेनवमी

लवू मयेकरला आयुष्यात बरंच काही जमलं, फक्त ‘कळलं नाही’ हे दोन शब्द कधी जमले नाहीत. बाप खलाशी, वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर. मालगुंडच्या घरात काहीही बिघडलं की आई म्हणायची, “लवूला दाखवा.” मग लवू, कळो न कळो, पक्कड घेऊन बसायचा. पुढे आयटीआयमधून वायरमन होऊन तो रत्नागिरीच्या दर्यासेवा रुग्णालयात लागला, त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली होती. जनरेटर असो, लिफ्ट असो, ऑक्सिजनचा पंप असो, लवूने हात लावला की चालू. न कळलेली गोष्ट तो मान डोलावून घरी न्यायचा, दोन दिवस डोक्यात घोळवायचा आणि तिसऱ्या दिवशी कळल्यासारखी करून दाखवायचा. दहातल्या नऊ वेळा ती तोवर खरंच कळलेली असायची. दहाव्या वेळेचं काय, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही. लोकांनी एवढं नाव काढल्यावर ते आपल्या हाताने कशाला घालवा?

तळमजल्यावर एक्स-रेच्या मागे वीस वर्षांपूर्वी काचेचं दार लावून सर्व्हर रूम झाली, तेव्हा तिची किल्लीही आपसूक लवूच्याच जुडग्यात आली. आत थंडगार हवा, लोखंडी कपाटं आणि वायरींचं जंगल. बसवणाऱ्या माणसाने जाताना त्याला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. निळ्या वायरी नेटच्या. त्यांच्यावरून जाणारा मजकूर वाटेत सांडला तर यंत्र तो परत पाठवतं, त्यामुळे क्षणभर निघाल्या तरी आभाळ कोसळत नाही. केशरी वायरी मात्र स्टोरेजच्या, म्हणजे रुग्णालयाच्या सगळ्या साठ्याकडे जाणाऱ्या. केसपेपर, रिपोर्ट, स्कॅनचे फोटो हे सगळं सर्व्हर त्या वाटेने सतत काढतो आणि ठेवतो. “हिला बोट लावलंस तर मला फोन करू नकोस,” असं तो माणूस म्हणाला होता. लवूने वीस वर्षं केशरी वायरीला बोट लावलं नाही.

निळ्या वायरींना मात्र तो वर्षातून एकदा हात लावायचा. खंडेनवमीला. त्या दिवशी आपापल्या हत्याराची पूजा करायची, हे काही लवूला कुणी शिकवायला नको होतं. पाटावर पाने, पकडी, मीटर मांडून झाले की तो सर्व्हर रूममध्ये शिरायचा. कपाटांना झेंडूची माळ घालायचा, तीही हवेची जाळी मोकळी सोडून, तेवढी अक्कल त्याला होती. मग निळ्या वायरी एकेक काढायच्या, त्यांची तोंडं कोऱ्या फडक्याने पुसायची, वरून हळदीकुंकवाचं बोट टेकवायचं आणि परत लावायच्या. हिरवा दिवा लागला की पुढची. सगळं चालू कामात. पूजा अख्ख्या रुग्णालयाला ठाऊक होती, पेढे सगळे खायचे. वायरी काढण्याचं तेवढं कुणाला ठाऊक नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं लवूला वाटायचं.

यंदा जूनमध्ये दीक्षा गमरे आली. सावर्ड्याच्या जवळच्या गावची, रामजी गमरे गुरुजींची मुलगी. मुंबईला मोठ्या डेटा सेंटरमध्ये पाच वर्षं काढून, वडिलांना बरं नसतं म्हणून जिल्ह्यात परतलेली. सहा महिने प्रोबेशन, मग कायम. बाई कामाला वाघीण. दोन महिन्यांत तिने जुनी कपाटं काढली, नवी आणली, आणि एके दिवशी लवू पाहतो तर निळ्याही गेल्या आणि केशरीही गेल्या. सर्व्हरच्या कपाटातून फक्त दोन जाड काळ्या वायरी निघून स्विचमध्ये शिरलेल्या.

“काका, बसा, समजावून सांगते,” दीक्षा म्हणाली. लवू बसला.

“मिरकरवाड्याला होडीतून मासळीचे क्रेट हातोहात उतरवतात, पाहिलंयत ना? पुढच्याचे हात भरलेले असले तर तो हात वर करतो. मागचा क्रेट धरून उभा राहतो, पाण्यात टाकत नाही. साध्या इथरनेटवर गर्दी झाली की क्रेट सरळ पाण्यात. मागाहून दुसरा पाठवायचा. नेटला ते चालतं. स्टोरेजला नाही चालत, त्याचे क्रेट पडायला लागले की सगळं काम अडतं. म्हणून हे सुधारलेलं इथरनेट घेतलं. वायर एकच, पण तिच्यात स्टोरेजची रांग वेगळी. त्या रांगेतलं काही टाकायचं नाही. गर्दी झाली तर मागच्याला ‘थांब’ सांगायचं. कळलं ना, काका?”

लवूला मासळीचं सगळं कळलं. वायरीचं कळलं नाही. केशरी वायरी मग गेल्या कुठे, हा प्रश्न त्याच्या अगदी ओठावर आला होता. पण समोर पंचवीस-तिशीची पोर, आणि आपण अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेले. त्याने खाली पाहिलं. खोलीची जमीन पोकळ होती, फरश्या उचलता येण्यासारख्या. त्याने मनातल्या मनात ठरवून टाकलं की केशरी वायरी जमिनीखालून नेल्या असणार आणि या काळ्या म्हणजे निळ्यांच्याच मोठ्या बहिणी.

“हो गो बाय. न कळायला काय झालं?” तो म्हणाला. आठवड्याने तिने परत विचारलं, तेव्हाही तो तेच म्हणाला.

खंडेनवमी आली. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, गावच्या विहारात कार्यक्रम, म्हणून दीक्षा दोन दिवसांची रजा टाकून आदल्या संध्याकाळी घरी गेली. लवूने सकाळी आंघोळ करून, नवा सदरा घालून, नेहमीसारखी पाटावरची पूजा उरकली आणि साडेदहाच्या सुमारास सर्व्हर रूममध्ये शिरला. माळ घातली. पहिली काळी वायर काढली, पुसली, बोट टेकवलं, लावली. हिरवा दिवा लागला. त्याने दुसरी काढली.

दुसरी अजून त्याच्या हातातच होती, तेवढ्यात कपाटातले पंखे एकदम किंचाळायला लागले. एकामागून एक सर्व्हरचे दिवे पिवळे झाले. लवूने घाईघाईने वायर परत खोचली. तिचा हिरवा दिवा लागला, पण पिवळे तसेच राहिले. वीस वर्षांत या खोलीने असला आवाज कधी काढला नव्हता.

फोन वाजला. नोंदणीच्या खिडकीवरची विमला होती. “लवूदादा, स्क्रीन काळी झाली वो. माणसं खोळंबलीत.”

“बघतो,” म्हणून त्याने फोन ठेवला, तोच काचेच्या दारावर थाप पडली. तातडीच्या विभागातल्या डॉक्टर वेदिका लिमये. धावत आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. “स्कॅन कोल्हापूरला जात नाहीये. काय झालंय?”

रत्नागिरीच्या या रुग्णालयात मेंदूचा डॉक्टर नव्हता. कुणाला झटका आला की स्कॅन इथे काढायचा आणि तो कोल्हापूरला बसलेल्या डॉक्टरांनी आपल्या स्क्रीनवर पाहून काय करायचं ते सांगायचं, अशी सोय होती. आणि आत्ता टेबलावर गंगुबाई होती, वरवड्याची, काजूच्या कारखान्यात बिया फोडणारी, सहासष्ट वर्षांची. उजवा हात पडलेला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तिचा हात जड झाला होता सकाळी साडेसहाला. म्हणजे अकरापर्यंत.

“किती वेळ लागेल?” वेदिकाबाईंनी विचारलं.

“दोन मिनिटं,” लवू म्हणाला.

हे ‘दोन मिनिटं’ त्याच्या तोंडून आपोआप आलं. अठ्ठावीस वर्षं तो हेच सांगत आला होता, आणि अठ्ठावीस वर्षं ते खरं ठरत आलं होतं. वेदिकाबाईंनी मान हलवली आणि त्या परत धावल्या. आठ मिनिटांनी त्यांनी नर्सला पाठवलं. लवूने दीक्षाला फोन लावला होता, ती पलीकडून विचारत होती, “काका, स्क्रीनवर काय लिहिलंय? तुम्ही कशाला हात लावलात का?” तो म्हणत होता, “नाय गो, काय नाय केलं.” आणि तेव्हा त्याला ते मनापासून खरं वाटत होतं. नेटच्या वायरी तर पुसल्या फक्त. नर्सने विचारलं, किती वेळ? लवू म्हणाला, “झालंच, दोन मिनिटं.” अकराला पाच कमी असताना वेदिकाबाईंचा फोन आला. लवूने तेच सांगितलं.

अकरा वाजता लवूच्या आशेवर राहणं सोडून वेदिकाबाईंनी स्कॅनच्या यंत्राच्या पडद्याचे मोबाईलने फोटो काढले आणि कोल्हापूरला पाठवले. तिथून उत्तर येईतो सव्वाअकरा झाले. फोटोंवरून इंजेक्शन देता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. पण वेळ टळून गेली होती.

सर्व्हर दुपारी पाऊण वाजता उभे राहिले. महामार्गाच्या खोदकामातून वाट काढत दीक्षा तोवर पोचली होती. तिने लवूकडे पाहिलंही नाही, सरळ कीबोर्डवर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी विहारात जायचं होतं, ती गेली नाही.

गंगुबाई वाचली. उजवा हात मात्र पडला तो पडलाच. “इंजेक्शनने हात सुटलाच असता असं मी छातीठोक सांगणार नाही,” वेदिकाबाई म्हणाल्या. “पण देता आलं नाही, एवढं खरं.” हे त्या कॉरिडॉरमध्ये दीक्षाला म्हणाल्या. लवू चार पावलांवर ट्यूबलाइट बदलत होता. शिडीवरून त्याला सगळं ऐकू आलं. कुणाच्या तरी चुकीने एक हात गेला, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या ‘कुणाच्या तरी’मध्ये तो स्वतः कुठेच नव्हता.

तिसऱ्या दिवशी दीक्षाने त्याला हाक मारली. तिचे डोळे तारवटले होते. “काका, हे बघा. मला काहीच उलगडत नाहीये.” पडद्यावर यंत्राने स्वतः लिहिलेली नोंद होती. पहिली वायर बंद, दहा बेचाळीस. पहिली वायर चालू. पंधरा सेकंदांनी दुसरी बंद. “दोन वाटा मी मुद्दाम ठेवल्यात. एक गेली तर दुसरी असते. पण दिवा हिरवा झाला म्हणजे स्टोरेजची वाट उघडली असं नसतं. नेट दोन सेकंदांत येतं. स्टोरेजला परत ओळख पटवून आत घ्यावं लागतं, मिनिट-सव्वा मिनिट लागतं. पहिली वाट उघडायच्या आत दुसरी गेली, आणि सर्व्हरच्या पायाखालून सगळा साठाच निघून गेला. पण या वायरी अशा एकामागोमाग आपोआप पडल्याच कशा?”

लवूच्या पायाखालची फरशी खरोखरच कुणी उचलून घेतल्यासारखं झालं. जमिनीखाली केशरी वायरी नव्हत्या. कधीच नव्हत्या. ज्या वायरीला वीस वर्षं बोट लावलं नाही, ती याच काळीच्या पोटात होती, आणि त्याने ती उपटून तिला कुंकू लावलं होतं.

“काका? बरं वाटत नाहीये का?”

“गार हवा बाधते हल्ली,” लवू म्हणाला आणि बाहेर पडला.

आता खरं सांगायचं तर त्याने तेव्हाच मागे वळायला हवं होतं. नाही वळला. मी त्याची बाजू घेणार नाही. तो घरी गेला, भात चिवडला, ‘मासळीला चव नाय’ म्हणून बायकोवर, काशीवर, उगाच डाफरला. काशीने वाटी उचलून वास घेतला. “सकाळचा ताजा बांगडा हाय. तुमालाच काय झालंय?” त्याने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. रोज सकाळी तो ठरवून निघायचा आणि रोज दीक्षाच्या दारावरून तसाच पुढे जायचा. आपण असे आहोत, याचाच त्याला धक्का बसला होता. चोपन्न वर्षं ज्या माणसाबरोबर राहिलो तो भलताच कुणी निघावा, तसं.

इकडे रुग्णालयात बोभाटा झाला होता. यंत्र विकणारी कंपनी कानावर हात ठेवून मोकळी झाली. मग बोटं वळली दीक्षाकडे. दोन कामांना एकच वायर देण्याचा शहाणपणा कुणाचा? वीस वर्षं सुरळीत चालत होतं ना? व्यवस्थापक नितेश सावंत तर उघड म्हणायला लागला की मुंबईची फॅशन रत्नागिरीत चालत नाही. सोमवारी विश्वस्तांची बैठक ठरली. दीक्षाला कायम करायचं की नारळ द्यायचा, एवढाच विषय.

बैठकीला लवूला कुणी बोलावलं नव्हतं. विमलाला बोलावलं होतं, त्या दिवशी खिडकीवर किती गोंधळ झाला ते सांगायला. लवू पंखा बघण्याच्या निमित्ताने आत शिरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. दीक्षा टेबलाच्या टोकाला बसली होती. तिने कुणाला दोष दिला नाही. वायरी का पडल्या ते मला अजून सापडलेलं नाही, असं तिने सरळ सांगितलं. शेवटी म्हणाली, “रचना माझी आहे, तेव्हा जबाबदारी माझी.”

“मग झालंच तर,” नितेश म्हणाला आणि समोरचा कागद ओढला.

“वायरी मी काढल्या,” लवू म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. लवूने सांगायला सुरुवात केली. पूजा, फडकं, हळदीकुंकू, पहिली वायर, दुसरी वायर. केशरी वायरी जमिनीखालून नेल्या असं वाटलं होतं, तेही सांगितलं. वेदिकाबाईंना तीनदा दोन मिनिटं म्हणालो, किती वेळ लागेल ते मला ठाऊकच नव्हतं, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर त्याने डोळे मिटून घेतले, आता छत कोसळेल म्हणून.

कोसळलं काहीच नाही. एक म्हातारे विश्वस्त हसले. अगदी मायेने हसले.

“लवू, अरे, तू कसला मोठ्या मनाचा माणूस! पण आम्ही काय दूधखुळे आहोत? या इमारतीतली वायर न् वायर तुला पाठ. केशरी वायर जमिनीखाली आहे असं तुला वाटलं? तुला? पोरीची नोकरी वाचवायला स्वतःला आगीत घालतोस होय?”

“नाय साहेब, खरंच...”

“बस खाली. तुझ्या हातून एवढ्या वर्षांत एक चूक झालेली कुणी पाहिलीय?”

लवूने आ वासला. मनाची तयारी त्याने सगळ्याची केली होती. शिव्यांची, पोलिसांची, नोकरी जाण्याची. विश्वास न बसण्याची केली नव्हती. जे नाव त्याने अठ्ठावीस वर्षं जपलं, तेच आता दारात आडवं उभं राहून त्याला बाहेर येऊ देत नव्हतं. नितेशने पेनचं टोपण काढलं. दीक्षा लवूकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आभार नव्हते. तिला सगळं एका क्षणात कळलं होतं.

“ही पहिली वेळ नाय!” लवू ओरडलाच. “वीस वर्षं करतंय मी ह्या. दर खंडेनवमीला. सगळ्या निळ्या वायरी काढतंय, पुसतंय, लावतंय. दवाखाना चालू असताना. तुमाला कुणाला कळलं नाय, कारन नेट लगेच परत येतं. विचारा हिला! विमला, नवमीला तुझा काम्प्युटर अडकतो की नाय?”

विमला गोंधळली. तिने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिचे डोळे मोठे झाले.

“अडकतो,” ती म्हणाली. “दर नवमीला अडकतो. साडेदहा-अकराच्या दरम्यान. दहा-वीस सेकंद. आम्ही बायका म्हणतो, मशीन पन आज नमस्कार करता.” आणि तिने तोंडावर हात ठेवला. “अगो बाय. लवूदादा, ता तुमी?”

म्हाताऱ्या विश्वस्तांचं हसू तसंच ओठांवर राहून वाळलं. वीस वर्षं. या माणसाच्या भरवशावर आपण शस्त्रक्रिया केल्या, बाळंतपणं केली, हे एकेकाच्या डोक्यात शिरत गेलं, आणि ते चेहऱ्यांवर दिसत गेलं. नितेशने पेन खाली ठेवलं आणि हात पुढे केला. लवूने जुडग्यातून सर्व्हर रूमची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. दीक्षाचा कागद कुणीतरी सही न करताच बाजूला सरकवला. तुमचं काय करायचं ते नंतर कळवतो, असं लवूला सांगण्यात आलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये दीक्षाने त्याला गाठलं.

“मी सहा रात्री झोपले नाही. माझ्यामुळे एका बाईचा हात गेला असं धरून चालले होते मी. नोंद दाखवली तेव्हा तुम्हाला कळलं होतं, काका. मला तोंडावर म्हणालात, गार हवा बाधते.”

“होय,” लवू म्हणाला. “भ्यालो मी.”

“माझी माफी मागू नका. गंगुबाई वर आहेत. त्यांना कुणीतरी खरं सांगायला हवं. मी सोबत येते, पण बोलायचं तुम्ही.”

दुसऱ्या मजल्यावर जनरल वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर गंगुबाई उशीला टेकून बसली होती. सून पेज भरवत होती. गंगुबाईचं तोंड एका बाजूला जरा ओढलेलं, पण बोलणं कळत होतं. लवू खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. दीक्षा दारातच थांबली.

“तू कोन रे?”

“मयेकर. मालगुंडचा.”

“शंकर खलाश्याचा झील काय? बस की मग.”

लवू बसला नाही. त्याने उभ्यानेच सांगितलं. वायरीचं किचकट सगळं गाळलं. खंडेनवमीची पूजा करत होतो, ज्याला हात लावायचा नाय त्याला लावला, मशीन बंद पडली, तुझा फोटो डॉक्टरांकडे गेला नाय, इंजेक्शनची वेळ टळली. आणि मी दोन मिनिटं, दोन मिनिटं करत सगळ्यांना थांबवून ठेवलं. गंगुबाई ऐकत राहिली. सुनेच्या हातातला चमचा वाटीतच थांबला होता. आता शिव्या देईल, आता रडेल, म्हणून लवू तिच्या तोंडाकडे बघत होता.

“पूजेत व्हतास?” गंगुबाईने विचारलं.

“होय.”

“मी पन.” तिने सुनेकडे पाहिलं, मग परत लवूकडे. “विळी, कोयती, काजूचा अडकित्ता, सगळी घासून पाटावर मांडलेली. कुंकू लावाय गेले नि हात जड झाला. ही म्हनाली, आत्ये, चला दवाखान्यात, आत्ताच्या आत्ता. हिला गप केली मी. म्हटलं, मांडलेली पूजा टाकून जाऊ काय? डाव्या हातान केली. निवद दाखवला. मग निघालो.”

सुनेने पदर तोंडात धरला.

“नऊ वाजले व्हते,” गंगुबाई म्हणाली. “म्हंजे अडीच तास माझे गेले. तुझा अर्धा.”

गंगुबाईने डाव्या हाताने उजवा हात मनगटापाशी धरून उचलला, मांडीवर नीट ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून सरळ केली.